पाटी पुसण्यापूर्वी

आमच्या धर्मग्राम कार्यालयातील जुन्या लाकडी कपाटात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ओळीने लावून ठेवलेल्या आहेत. गुरुविद्यालयात असताना एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी आम्हांला बजावले होते की, नोंदवहीतील अक्षर कधीही खोडावयाचे नाही. चूक झालीच तर तिच्यावर एकच बारीक रेघ ओढावयाची, शेजारी दुरुस्ती लिहावयाची आणि खाली सही करावयाची. जपून ठेवणे हे पाळकाचे काम, अशी माझी समजूत तेव्हा झाली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. पुसणे हेही एक काम आहे आणि तेही तितक्याच काळजीने करावे लागते, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका बावीस वर्षांच्या मुलाकडून शिकावे लागले. त्या शिक्षणाची किंमत मात्र एका कुटुंबाने मोजली. ते आठवले की आजही माझी मान खाली जाते.

२०२० सालच्या टाळेबंदीत अनेकांचे रोजगार बुडाले होते. आजारी व एकाकी माणसे घराघरांत अडकून पडली होती. धर्मग्रामातील काही स्वयंसेवक वाडीवाडीतून औषधे व धान्य पोहोचवीत होते. कागदी याद्या पावसात भिजत, हरवत; एका घरी दोनदा तांदूळ जाई आणि दुसरे घर वाट पाहत राही. तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या आमच्या एका युवकाने मोबाइलसाठी एक छोटेसे अ‍ॅप तयार केले. दानात मिळालेले सहा अँड्रॉइड मोबाइल आमच्यापाशी होते. स्वयंसेवकाने आपल्या क्रमांकाने आत शिरावे, आपल्या वाडीची यादी पाहावी, भेटीची नोंद करावी आणि काम संपताच लॉगआऊट करून फोन कार्यालयात आणून द्यावा, अशी पद्धत होती.

त्या वेळी एक आग्रह मीच धरला होता. आमच्या कित्येक वाड्यांत नेटवर्क मिळत नाही. "नेटवर्क असो वा नसो, यादी दिसलीच पाहिजे," असे मी त्या मुलाला सांगितले. त्याने तसे केले. सर्व्हरवरून आलेली यादी फोनच्याच पोटात साठवून ठेवण्याची सोय झाली आणि मी निश्चिंत झालो.

२०२२ च्या पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या वाड्या बदलल्या. एका भगिनीच्या हाती आलेला फोन त्याआधी दुसऱ्या कोणाकडे होता. कार्यालयातच तिने आपल्या क्रमांकाने प्रवेश केला. पण तिच्या वाडीची यादी उतरण्यापूर्वीच नेटवर्क गेले. वाटेत तिने अ‍ॅप उघडले तेव्हा तिच्यापुढे आधीच्या वाडीची यादी उभी राहिली. त्या यादीत तिच्याच नात्यातील एका घराचे नाव होते. नावापुढे महिन्याला दहा किलो तांदूळ आणि औषधांचे पैसे अशी नोंद होती. त्यापुढे शेरा होता : 'नातेवाइकांना कळू नये.'

ती भगिनी मनाने चांगली. तिने कोठे चहाडी केली नाही. ती सरळ त्या घरी गेली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "एवढे झाले आणि मला एका शब्दाने सांगितले नाहीस?" तिची माया खरी होती, पण त्या घराने जे झाकून ठेवले होते ते त्या क्षणी उघडे पडले.

दुसऱ्या दिवशी त्या घरची गृहिणी तांदळाची न उघडलेली पिशवी घेऊन कार्यालयात आली. पिशवी टेबलाशेजारी ठेवून ती एवढेच म्हणाली, "फादर, आम्ही तुमच्याकडे आलो होतो. साऱ्या वाडीकडे नाही."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने जे सांगितले होते ते काही पापनिवेदन नव्हते. परंतु ज्या विश्वासाने माणसे पापनिवेदनाला येतात, त्याच विश्वासाने ती माझ्यासमोर बसली होती.

त्या रात्री मी त्या युवकाला बोलावून घेतले. "फादर, लॉगआऊट तर केलेले होते," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मग यादी राहिली कशी? दोन तास खटपट केल्यावर उलगडा झाला. लॉगआऊट केल्यावर आमचे अ‍ॅप केवळ प्रवेशाचा परवाना फाडून टाकीत असे. आत साठविलेल्या माहितीला ते हातच लावीत नव्हते. नवा माणूस आला आणि नेटवर्क नसले की, आत जे सापडेल ते अ‍ॅप त्याच्यापुढे ठेवी; ते कोणासाठी आणले होते, हे विचारण्याची तजवीज आम्ही केलीच नव्हती. खोलीची किल्ली परत घेतली, पण टेबलावरचे कागद तसेच राहिले, असा हा प्रकार होता.

पुढचे काही दिवस तो मुलगा मला शिकवीत होता आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकत होता. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची एक खाजगी जागा मिळते. दुसऱ्या अ‍ॅपला तिच्यात डोकावता येत नाही. तेथे चार ठिकाणी माहिती साठते. बारीकसारीक निवडी 'शेअर्ड प्रेफरन्सेस' नावाच्या टिपणात, याद्या एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये, कागदपत्रे वा छायाचित्रे फायलींत, आणि पुन्हा मागविता येईल असे तात्पुरते सामान कॅशेमध्ये. फोनच्या सेटिंग्जमध्ये दोन बटणे दिसतात. 'क्लिअर कॅशे' दाबले की केवळ तात्पुरते सामान जाते. 'क्लिअर स्टोरेज' दाबले, जुन्या फोनांत त्यालाच 'क्लिअर डेटा' म्हणत, की चारही ठिकाणे रिकामी होतात आणि अ‍ॅप नुकतेच बसविल्यासारखे होते. यांतील पहिले बटण दाबून 'सर्व पुसले' असे समजणारे अनेक जण आहेत. त्यांत मीही होतो. गॅलरीत वा डाऊनलोड्समध्ये उतरविलेल्या फायली तर दुसऱ्या बटणानेही जात नाहीत.

आता उपाय सोपा वाटला. लॉगआऊट करताच अ‍ॅपने स्वतःच सर्व पुसून टाकावे. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून अ‍ॅपला आपली सर्व माहिती एका आज्ञेत पुसता येते. आम्ही ती आज्ञा घातली आणि दुसऱ्याच आठवड्यात उलटी चूक पदरी आली. एका स्वयंसेवकाने एका आजोबांच्या बदललेल्या गोळ्यांची नोंद नेटवर्क नसलेल्या घरात केली आणि तेथेच लॉगआऊट केले. सर्व्हरवर न पोहोचलेली ती नोंद बाकीच्या माहितीबरोबर पुसली गेली. सुदैवाने त्याला गोळ्यांची नावे आठवत होती. आठवली नसती तर आम्ही त्या आजोबांना जुन्याच गोळ्या नेऊन दिल्या असत्या.

मग त्या मुलाने पुसण्याचा क्रम ठरविला. प्रथम न पोहोचलेल्या नोंदी मोजावयाच्या. त्या पाठवावयाच्या. सर्व्हरकडून पोच येईपर्यंत थांबावयाचे. मगच पुसावयाचे. नेटवर्क नसेल तर 'तीन नोंदी अजून पोहोचलेल्या नाहीत' असे माणसाला स्वच्छ शब्दांत सांगावयाचे आणि पोच येईपर्यंत फोन दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा नाही.

एवढ्यानेही भागले नाही. एका फोनवरील अ‍ॅपची नवी आवृत्ती बसविण्याचे राहून गेले होते. ते अ‍ॅप आम्ही काढून टाकले आणि काही दिवसांनी पुन्हा बसविले, तर जुनी यादी पुन्हा हजर! २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपची २५ मेगाबाइटपर्यंतची माहिती आपोआप गूगल खात्यात जपली जाते आणि अ‍ॅप पुन्हा बसविताच परत येते. नको असल्यास अ‍ॅप बनविणाऱ्यानेच तसे मॅनिफेस्ट नावाच्या फाइलीत लिहावे लागते. आम्ही लिहिले नव्हते. आयफोनची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे इतर अ‍ॅपांसाठी 'क्लिअर स्टोरेज'सारखे बटण सेटिंग्जमध्ये नाही. 'ऑफलोड' केले तर अ‍ॅप जाते, माहिती राहते. अ‍ॅप पूर्णपणे काढून टाकले तरी किचेन नावाच्या तिजोरीत ठेवलेले परवाने व गुप्तशब्द साधारणपणे तसेच राहतात. म्हणून जाणते कारागीर अ‍ॅप नव्याने बसून प्रथम उघडले की आधी ती तिजोरी रिकामी करतात.

एसक्यूलाइटची गोष्ट ऐकून तर मी थक्क झालो. त्यातील ओळ पुसण्याची आज्ञा दिली की, वेगळी योजना केलेली नसेल तर, ती जागा केवळ 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. नवे काही लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे फाइलीत पडून राहू शकतात. पाटी पुसली तरी उन्हात तिरकी धरली की कालची बेरीज दिसते ना, तसे. त्यासाठी निराळ्या आज्ञा आहेत; त्या आठवणीने द्याव्या लागतात.

शेवटी त्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. "फादर, तो शेरा फोनमध्ये कशाला हवा होता?" खरेच, कशाला? तांदूळ नेणाऱ्याला घर माहीत असले म्हणजे पुरे. कोणापासून काय लपवावयाचे हे माझ्या वहीत राहिले असते तरी चालले असते. त्या दिवशी आम्ही शेऱ्याचा रकाना अ‍ॅपमधून काढून टाकला. इतक्या खटपटीत तो एकच उपाय असा होता की, ज्यात पुढे पुसण्यासारखे काही उरतच नाही.

संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात, काम संपल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकलेली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. लॉगआऊटनंतर फोनमध्ये काय उरते, एवढे त्यांना जेवताना विचारून पाहावे. आणि आपला जुना मोबाइल भाच्याला वा कामवाल्या बाईला देताना केवळ अ‍ॅप उडवून थांबू नये. आवश्यक ते जपून ठेवून, खाती काढून, सेटिंग्जमधून संपूर्ण फोन मूळ स्थितीला न्यावा आणि मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर मी त्या युवकाला घेऊन त्या घरी गेलो. मी क्षमा मागितली. मुलाने फोन पुढे केला. पडद्यावर 'एकही नोंद नाही' अशी अक्षरे होती. गृहिणीने ती बराच वेळ न्याहाळली. "फोनमधून गेले, फादर," ती म्हणाली आणि पुढचे वाक्य तिने बोलण्याचे टाळले. मला ते कळले. माणसांच्या मनातून पुसणारी आज्ञा त्या मुलापाशी नव्हती आणि माझ्यापाशीही नव्हती.

निघताना तिने आम्हां दोघांना चहा दिला. तांदळाची पिशवी मात्र तिने त्या वर्षी पुन्हा घेतली नाही.