चार बटणांचा ऱ्या

मे महिन्यात सावद्याच्या शिवारात वादळ सुटलं की घड लागलेल्या केळीबागा एका संध्याकाळीत आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी पीकविम्याचे, पंचनाम्याचे अर्ज टाइप करून घ्यायला माणसं येतात. ‘वादळी वाऱ्याने’, ‘सातबारा उताऱ्यावर’, ‘शेतकऱ्याचे नाव’... या कागदांत ऱ्या काही पाठ सोडत नाही. माझ्या टायपिंगचा सगळा प्रवास या एका अक्षरावरून सांगता येईल.

मराठी टायपिंग मी रेमिंग्टन पद्धतीच्या मशिनवर शिकले. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा. आधी अर्धं अक्षर, मग काना जोडून ते पूर्ण. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. कॉम्प्युटर आला तरी फॉन्ट त्याच वळणाचे होते. बटणांवर न मावलेली अक्षरं ऑल्ट दाबून आकड्यांनी आणायची, आणि ते आकडे उजवीकडच्या नंबर पॅडचेच लागत; वरच्या ओळीतले चालत नसत.

पुढे छोटा लॅपटॉप घेतला, त्याला नंबर पॅडच नव्हता. जे, के, एल या बटणांच्या कोपऱ्यात बारीक 1, 2, 3 छापलेले होते. नमलॉक लावलं की तिथंच पॅड तयार व्हायचा. काम झालं की लगेच बंद करायचा, म्हणजे पुन्हा अक्षरं.

आताच्या लॅपटॉपवर तीही सोय नाही, आणि मला तिची गरज उरलेली नाही. युनिकोडबरोबर मी इन्स्क्रिप्टवर आले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. वेलांटी आता अक्षरानंतर येते. बोटांना हे वळण लावायला वेळ लागला, पण बोलतो त्याच क्रमाने लिहायचं, हे मला मनापासून पटतं. ऱ्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण, शेवटी ई.

“ताई, गट नंबर बघा बरं,” शेजारी बसलेले काका म्हणतात. होमचं वेगळं बटण नाही; एफएन धरून डावा बाण दाबला की ओळीच्या सुरुवातीला. कंट्रोल आणि शिफ्ट धरून उजवा बाण, जुना आकडा निवडला जातो, त्यावर नवा.

साधा र घेतला तर ‘शेतकर्यांना’ असं उमटतं. तसं छापलेलं पत्रक दिसलं की मला वाईट वाटतं. ज्याच्यासाठी योजना काढली, त्याला निदान नीट लिहायला हवं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी कॉपी-पेस्टच्याही आधी ही चार बटणं शिकवते.