उद्यमनगरातले चार दिवस

कोल्हापूरला येणारा पाहुणा काय पाहतो, ते ठरलेले आहे. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि जाताना हातात चपलांचे पुडके. यात वावगे काहीच नाही. पण मला कुणी ‘कोल्हापूर दाखवा’ म्हटले, की माझी पावले शिवाजी उद्यमनगराकडे वळतात. तिथे देऊळ नाही, तळे नाही. आहे ती लेथची घरघर आणि तापल्या लोखंडाचा वास. मराठीच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर १९९४ सालच्या मे महिन्यात आहे.

त्या वेळी मी शाळकरी पोर होतो. गारगोटीकडे आमची शेती आणि वडिलांची, म्हणजे आबांची, एक जुनी पेट्रोलची जीप. तिच्या इंजिनाचा ब्लॉकच तडकला. नवे इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. अखेर ट्रॅक्टरला बांधून जीप कोल्हापुरात आणली. ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसण्याची लाज मला अजून आठवते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाले, “हिला मेटॅडोरचं डिझेल इंजिन घालूया. भंगारात एक चांगलं आलंय.”

आबा चमकले. “अहो मिस्त्री, ही जीप, तो मेटॅडोर. बसेल का?”

“बसतंय की! न बसाय काय झालं? पर नुसतं बसून भागत न्हाई, पावणं. बाकीच्यास्नी ते सोसाय पायजे.”

या वाक्याचा अर्थ पुढचे चार दिवस उलगडत गेला.

आधी इंजिनाची पारख झाली. ते अगदी थंड असतानाच सुरू करून पाहिले. गरम इंजिन आपली दुखणी लपवते, असे मिस्त्रींचे मत. मग तेलाचे झाकण काढून वर तळहात धरला. आतून धुराचा भपकारा आला, तर रिंगा झिजल्या असे समजावे. तसा तो आला नाही, आणि सौदा ठरला.

खरी अडचण पुढेच होती. इंजिनाच्या पाठीवरची भोके एकीकडे, जीपच्या गिअरबॉक्सची भलतीकडे. मिस्त्रींनी दोन्हींना ग्रीस फासून पुठ्ठ्यावर ठसे घेतले आणि त्यावरून मध्ये बसवायची जाड पोलादी प्लेट करवून घेतली. तिचा मध्य केसभर जरी सरकला, तरी क्लच आणि गिअरबॉक्सचा दांडा दोन्ही वाया जायचे. इंजिनाचे पाय नवे केले. खालचे तेलाचे भांडे पुढच्या आसाला टेकत होते. ते कापून पुन्हा जोडले. बॅटरी मोठी घ्यावी लागली. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण साधारण सात-आठ पट दाबले की ठिणगी पेटवते. डिझेलमध्ये ठिणगी नाही, हवाच वीसएक पट दाबून इतकी तापते की इंधन आपोआप पेटते. तेवढा दाब फिरवायला स्टार्टरला जोर हवा.

एका कामासाठी एक गल्ली, दुसऱ्यासाठी दुसरी. या गावाला हे अंगवळणी पडलेले आहे. ऊसपट्ट्यातल्या पंपांच्या इंजिनांनी इथल्या हातांना वळण लावले. आणि त्याच्याही आधी याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला होता.

चौथ्या दिवशी इंजिन धडधडले. आबांचा खिसा मात्र रिकामा झाला होता. ते म्हणाले, “स्प्रिंगा नि ब्रेक सुगीनंतर बघू.”

मिस्त्रींनी किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. “इंजिन जड झालंय, ब्रेक जुन्याच वजनाचं हैत. हे पोरगं शेजारी बसणार न्हवं का? पैसं सुगीला द्या. ब्रेक आजच हुतील.”

आबा काही बोलले नाहीत. त्या रात्री आम्ही कारखान्यातच पोत्यावर झोपलो. सकाळी किल्लीबरोबर इंजिनाचा नंबर घातलेली पावतीही मिळाली. “ही घिऊन आरटीओत जावा. नंबर बुकात चढल्याबिगर गाडी तुमची न्हवं.” सुगी होताच आबांनी पहिले पैसे मिस्त्रींचे दिले.

आता मी वर्गात सामान्यरूप शिकवतो. ‘इंजिन’ हा शब्दही परक्या गाडीतलाच. पण मराठीने तो नुसता आणून ठेवला नाही; त्याला नपुंसकलिंग दिले, ‘इंजिनाला’, ‘इंजिनाचा’ असे चालवून घेतले. हे सांगताना फळ्यापुढे मला ती पोलादी प्लेट दिसते.

आज असा बदल सहजासहजी करता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम पुढे कडक झाले, आणि गाडी कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. जुन्या जीपवर जीव असणाऱ्यांना हे खुपते. मला फारसे खुपत नाही. किल्ली खिशात टाकणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत भेटेलच, असे कुठे आहे?

जीप केव्हाच गेली, आबाही गेले. त्यांच्या ट्रंकेत त्या बुकाची एक नक्कल सापडली. ‘पेट्रोल’वर सरळ रेघ, पुढे ‘डिझेल’, नवा नंबर आणि साहेबाची सही. त्याच घडीत मिस्त्रींची पावती होती. तिच्या पाठीवर आबांच्या अक्षरात ब्रेकच्या कामाची रक्कम, आणि खाली दोन शब्द : ‘दिले. फिटले.’