धागा तुटतो तो सांध्याशी

इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात माझी उमेदवारी झाली. आता वस्त्र अभियांत्रिकीची मुलं त्यांचे स्मार्ट कापडाचे नमुने माझ्या हातमागावर विणून घेतात. यंदाच्या गटाने मधुमेहींचा पाय धरला आहे. तळव्याची संवेदना गेली की चपलेने आलेला फोड कळत नाही, तो चिघळतो आणि पाय कापायची वेळ येते. ती संवेदना डॉक्टर नायलॉनच्या एका तंतूने तपासतात. 10 ग्रॅम दाबाला तो वाकतो, आणि पायाला तेवढंही जाणवलं नाही तर धोका. हे ऐकलं तेव्हा सूत हाताळणाऱ्या माणसाला वाटावा तसा अभिमान वाटला.

मुलांना दाब मोजणारे मोजे करायचे होते. आमच्या भागात मोजे घालून शेतात कोण जातं? म्हणून मागे पट्टा असलेली चप्पल घेतली आणि सुकतळ्याचं कापड विणलं. टाचेखाली, चवड्याखाली, अंगठ्याखाली दाब मोजायचा आणि चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्यातून तो पट्ट्यावरच्या सर्किटच्या तबकडीपर्यंत न्यायचा. इथवर सगळं जमतं. धागा तबकडीला भिडतो तिथे मात्र तुटतो.

या जागेने माझी झोप उडवली आहे. सोल्डर करावं तर नायलॉन आधीच वितळतं. गाठ मारावी तर चांदीचा धागा निसरडा. गाठ जरा सैल पडली की रोध बदलतो आणि माणूस बसलेला असताना यंत्र त्याला चालता दाखवतं. मुलं गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडतात. गाठ पक्की होते, पण थेंब वाळून कडक होतो आणि धागा थेंबाच्या कडेला तुटतो. थेंब मोठा केला तर कड पुढे सरकते, धागाही तिथे जाऊन तुटतो. टिचबटण लावलं, म्हणजे धुताना तबकडी काढता येते. आता धागा टिचबटणाच्या काठाशी तुटतो. चार्जरची वायर मानेपाशीच जाते, त्यातलाच हा प्रकार. तबकडी वाकत नाही, कापड वाकतं, आणि पावलागणिक सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे पुरतं सुटलेलं नाही. लिव्हाइस आणि गूगलने 2017 साली जाकीट काढलं, त्याचीही इलेक्ट्रॉनिक पट्टी मनगटावरून काढूनच ते धुवायचं. याउलट डॉ. पॉल ब्रँड. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर हातापायांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे अमेरिकेत त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेला मोजा वापरून पाहिला. दाब पडेल तिथे कुप्या फुटायच्या आणि रंग उमटायचा. वीज नाही, सांधा नाही. मुलं हे नमुने घेऊन जातात त्या स्पर्धांच्या परीक्षकांपुढे असा मोजा आज ठेवला तर ते दिवा कुठे लागतो ते विचारतील. मंचावर पाच मिनिटं चमकणाऱ्या वस्तूला बक्षीस मिळतं आणि नंतर ती कपाटात जाते. ती कुणाच्या पायात महिनाभर टिकली का, हे विचारणारा परीक्षक मला अजून भेटायचा आहे.

माझी बोटं आता थरथरतात. तुटलेला उभा धागा मी पूर्वी न बघता सांधत असे, आता सुईत ओवतानाही थांबावं लागतं. म्हणून यंदा सांधे तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने केले. ती धागा ताणत नाही, नागमोडी सोडते, आणि तबकडीखाली कापडाचे थर देते. आधी तीन, मग दोन, मग एक, म्हणजे कडकपणा पायरीपायरीने उतरतो. तिचे सांधे टिकतात. पण दिसतात ओबडधोबड, आणि मला कापड देखणं लागतं. प्रदर्शनात कुणी नमुन्यावरून बोट फिरवलं आणि तार त्याला सापडली नाही, तर मला होणारा आनंद सर्किट चालल्याच्या आनंदाहून मोठा असतो. बक्षीस मुलांच्या नावावर जातं तेव्हा वीण कुणाची, असं कुणीतरी विचारावं असं वाटतं. कुणी विचारत नाही, आणि ते मला लागतं.

त्या मुलीच्या सांध्यातला सैलपणा मला विणीतच आणायचा आहे. बुट्टी विणताना जादा बाण्याचे धागे कापडाच्या पाठीवर मोकळे तरंगतात आणि आम्ही ते कातरून टाकतो. चांदीचा धागा सांध्याजवळ तसाच पाठीवर तरंगता ठेवला, तर समोरून कापड सपाट राहील आणि वाकायला धाग्याला जागा मिळेल. पण हे तरंगते धागे एकमेकांना टेकले तर दोन जागांचे दाब एकमेकांत मिसळतील. मध्ये सुती धाग्यांची किती दाट ओळ लागेल, यावर तिचं आणि माझं अजून एकमत नाही.