ताटावरची कात्री

सोलमध्ये मांस भाजून खायच्या हॉटेलात बसलं की टेबलावर चिमटा आणि कात्री येते. कात्रीही शिंप्याला शोभेल अशी दणकट. सामग्योप्सालची, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाची, जाड पट्टी भाजत आली की चिमट्याने उचलायची आणि कात्रीने तव्यावरच तुकडे पाडायचे. सुरी येतच नाही. धातूच्या चपट्या काड्यांनी जेवायचं, तर प्रत्येक तुकडा घासाएवढाच हवा.

कात्रीचा खरा कस नेंगम्योनच्या वाडग्यात लागतो. हामहुंग पद्धतीच्या या थंडगार शेवया रताळ्याच्या नाहीतर बटाट्याच्या स्टार्चच्या, त्यामुळे दातांनी तुटता तुटत नाहीत. सोलच्या ओजांग-दोंग भागातली त्यांची दुकानं कोरियन युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी रुजवली. तिथे वाढणाऱ्या मावशी ‘कापू का?’ विचारतात आणि आपण मान हलवेपर्यंत वाडग्यात उभा-आडवा छेद देऊन पुढच्या टेबलाकडे गेलेल्या असतात. प्योंगयांग पद्धतीत कुट्टूचं पीठ जास्त, त्या शेवया सहज तुटतात. तिथले दर्दी मात्र कात्री जवळ येऊ देत नाहीत. लोखंडाने चव बिघडते म्हणे. मला तो निव्वळ तोरा वाटतो.

पण सगळ्यात अजब कात्री यॉतवाल्याची. यॉत म्हणजे तांदूळ आणि मोड आलेल्या बार्लीची चिकट मिठाई. पूर्वी यॉतवाला गल्लोगल्ली फिरायचा आणि बोहारणीसारखा मालाच्या बदल्यात माल घ्यायचा : मोडकं लोखंड, रिकाम्या बाटल्या, फाटके रबरी बूट. त्याची रुंद पात्यांची कात्री बोथटच असे. पट्टीसारखी छिन्नी मिठाईवर टेकवायची, तिच्यावर कात्रीने ठोका द्यायचा, की तुकडा पडला. उरलेला वेळ ती खणखण वाजवत पोरं गोळा करायची. आजही जत्रेत, पर्यटकांच्या बाजारात हे वादन ऐकू येतं. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, हे ऐकत वाढलेल्या माणसाने ते टाळ्या वाजवत ऐकायचं!

माझ्या एका खोलीच्या घरात विळी मांडून बसायला जागा नाही. किमची, कांद्याची पात, कोथिंबीर, सुकी मिरची, लेकीच्या डब्यातली पोळी, सगळं कात्रीवर निभतं. नारळ तेवढा खोवता येत नाही. तुम्हीही करून पाहा. फक्त स्वयंपाकाची कात्री वेगळी ठेवा, आणि पाती सुटी होणारी घ्या. खिळ्यापाशी अडकलेलं दुसऱ्या कशाने निघत नाही.