परदेशातली नोकरी आणि दिवसांचा हिशोब

नगरच्या मुकुंदनगरात दुबई, शारजा, दम्माम ही नावे परकी नाहीत. कुणाचा मुलगा तिकडे एसी मेकॅनिक, कुणाचा जावई ड्रायव्हर, कुणाचा भाऊ अकाउंटंट. व्हिसा, मेडिकल, तिकीट यांची माहिती घरातल्या बायकांनाही तोंडपाठ असते. इन्कम टॅक्सचा विषय निघाला की मात्र सगळे ऐकीव माहितीवर चालते.

माझा धाकटा भाऊ २०१५ पासून शारजाला नोकरी करतो. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतो. २० जानेवारी २०२४ ला तो आला तेव्हा अब्बांचे डायलिसिस सुरू झाले होते. त्यांची एकच इच्छा होती, या वेळची ईद सगळ्यांनी मिळून करावी. ईद एप्रिलमध्ये होती. भावाने बिनपगारी रजा वाढवून घेतली. तेवढ्यात नात्यातल्या एकाने सांगितले, "साठ दिवसांच्या वर राहिलास तर तिकडचा सगळा पगार इथल्या टॅक्समध्ये येईल." रिटर्न भरून देणाऱ्या एका कन्सल्टंटनेही पासपोर्ट न बघता तेच सांगितले. भावाने १५ मार्चचे तिकीट काढले. अब्बा काहीच बोलले नाहीत. अम्मीने बॅग भरायला घेतली.

मला ते पटेना. ओळखीतून आम्ही एका ज्येष्ठ चार्टर्ड अकाउंटंटकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पासपोर्ट आणलाय का?" मग त्यांनी एकेक शिक्का बघून कागदावर तारखा मांडल्या.

त्यांनी समजावले ते असे. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलेला माणूस करासाठी 'रहिवासी' ठरतो. साठ दिवसांचा नियम आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. त्या वर्षी साठ दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, अशा दोन्ही अटी एकदम भराव्या लागतात. शिवाय परदेशात राहणारा भारतीय नागरिक सुट्टीवर आला असेल, तर साठच्या जागी १८२ दिवस धरतात. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

भावाचे ३१ मार्चपर्यंत ७२ दिवस होत होते आणि १ एप्रिलपासून मोजणी नव्याने सुरू होणार होती. साहेबांनी हे सगळे लिहून, सही करून दिले. तिकीट बदलले. ११ एप्रिलची ईद अब्बांनी दोन्ही मुलांच्या मध्ये बसून केली. २५ एप्रिलला भाऊ गेला. जुलैमध्ये अब्बांचा इंतकाल झाला.

त्या दिवशी समजलेल्या आणखी काही गोष्टी आपल्या घरांसाठी लिहिते.

जो मुलगा पहिल्यांदा नोकरीसाठी जातो, त्याने जाण्याची तारीख बघावी. सप्टेंबर संपायच्या आत गेला तर साधारण त्याच वर्षी तो अनिवासी ठरतो. डिसेंबरमध्ये गेला तर भारतातले दिवस १८२ च्या वर भरलेले असतात, म्हणून मार्चपर्यंतचा तिकडचा पगारही इथल्या हिशोबात धरावा लागतो.

अनिवासी माणसाचा तिकडे कमावलेला पगार इथे करपात्र नाही, पण नगरमधल्या गाळ्याचे भाडे आणि इथल्या ठेवीचे व्याज करपात्र आहे. साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. ठेवीवर टीडीएस कापू नये म्हणून भरतात तो फॉर्म फक्त रहिवाशांसाठी असतो; अनिवासी माणसाच्या नावाने तो भरू नये. मुलगा आई-वडिलांना किंवा बायकोला घरखर्चासाठी पैसे पाठवतो, ते त्यांचे उत्पन्न धरले जात नाही.

२०२० च्या बजेटनंतर आखातातल्या कमाईवर कर लागणार अशी मोठी घबराट पसरली होती. दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, तिकडे प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांचा पगार यात येत नाही, असा खुलासा सरकारने केला. घबराट जेवढी पोहोचली तेवढा खुलासा पोहोचला नाही. आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यामुळे जुने ऐकलेले पुन्हा विचारून घेणे बरे. कायमचे परतणाऱ्यांचा हिशोब तर वेगळाच असतो. त्यांनी तिकीट काढण्याआधी विचारावे.

सल्लागार निवडताना एक खूण लक्षात ठेवा. जो आधी पासपोर्ट मागतो, भारतातले उत्पन्न विचारतो आणि उत्तर लिहून देतो, त्याची फी खुशाल द्या. घरात एक वही ठेवा. त्यात येण्या-जाण्याच्या तारखा लिहा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरून मोजा. बोर्डिंग पास, व्हिसाची प्रत आणि नोकरीचा करार त्याच पिशवीत असू द्या. मुलगा तिकडे कामात असतो, तेव्हा हे काम घरातल्या आई-बहिणीने केले तरी चालते. आमच्याकडे आता ती वही अम्मी सांभाळते.