चौथ्या सिलिंडरची

हिला मी नीट पाहिली ती मोडल्यावरच. मुठीत मावेल एवढी, तेलानं काळवंडलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक तारेची व्हॉल्व्हची स्प्रिंग. पिस्टन, क्रँक, पंप यांच्याबद्दल गॅरेजमध्ये तासन्‌तास बोललं जातं. हिच्याबद्दल कुणी चहा पीत गप्पा मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गाडी वडिलांची. टाटा-मर्सिडीज, १९६१ सालची. टेल्कोनं १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला आणि पंधरा वर्षं आपल्याकडचे ट्रक नाकावर तीन टोकांचा तारा लावून फिरले. आमच्या गाडीचा तारा अजून शाबूत आहे. तीच गाडी परसात अकरा पावसाळे उभी राहिली, मग मला उमाळा आला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन बांधायला टाकलं. सहा सिलिंडर, ४,५८० सीसी, बारा व्हॉल्व्ह. लायनर नवे, पिस्टन नवे, बेअरिंगं नवी, व्हॉल्व्ह नवे. स्प्रिंगांची वेळ आली तेव्हा खर्चाचा आकडा पाहून मीच म्हणालो, जुन्याच घाला की. ओळीनं उभ्या करून लांबी पाहिली, बाराही सारख्या भरल्या. तारेच्या ब्रशनं घासल्या, चकचकल्या. पास!

हिचं काम तसं एका वाक्याचं. कॅम धक्का देतो, पुशरॉड वर चढतो, रॉकर कलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. इतके जण मिळून दार उघडतात. ते मिटायचं हिनं एकटीनं. बरं, नुसतं मिटून भागत नाही. कॅमचा उतार लागला की रॉकर, पुशरॉड अशी सगळी वरात त्या उताराला चिकटवूनच खाली आणायची, एकालाही हवेत सुटू द्यायचं नाही. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्या घेत असेल तर हे मिनिटाला १,००० वेळा, तासाला ६०,००० वेळा. मध्ये पाणी प्यायलासुद्धा उसंत नाही.

पहिले तीन हजार किलोमीटर गोडीत गेले. मग साखरप्याहून चिरे भरून आंबा घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, एअर क्लीनरमधून फड्‌ फड्‌ आवाज यायला लागला. कुणी ओलं धोतर झटकावं तसा. गाडीचा जोर गेला, मागे करडा धूर. वर येऊन थांबलो, तर आयडलला इंजिन एकदम शहाणं. जणू काही झालंच नाही.

पुढचा महिना नोझल, डिझेल फिल्टर आणि पंप यांनी खाल्ला. डिझेल इंजिन मिस मारायला लागलं की पहिला संशय यांच्यावरच जातो, आणि दहांतल्या आठ वेळा तो खराही ठरत असावा. नोझल धुऊन आले, पंपाचं टायमिंग दोनदा पाहिलं. आवाज तसाच. शेवटी ज्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ हातच लावला नाही, नुसते ऐकत राहिले.

“आयडलला गोडच हाय हो मालक. घाट दाखिवला की रडतंय.”

मग एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून पाहिला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिनाचा आवाज पडतो, तो सिलिंडर काम करतोय. पडला नाही तर तो आळशी. हे मीही आधी केलं होतं, पण आयडलला, आणि तेव्हा साही जण हजर होते. चाचांनी पोराला ॲक्सिलरेटर दाबून धरायला लावलं. चौथ्याचा नट सैल केला, डिझेल बाहेर उडालं, आणि आवाजात तसूभर फरक नाही. नोझल तिसऱ्याशी बदलून पाहिला. दुखणं चौथ्यातच राहिलं.

टॅपेट कव्हर उघडलं. फिलर गेज घातला, फट बरोब्बर. इथं कुणीही फसेल. स्प्रिंग मोडली तरी व्हॉल्व्ह मिटलेला असतोच, मग फट चुकायची कशी? वरून पाहावं तर बारा स्प्रिंगा एका रांगेत, तेलात न्हालेल्या, सारख्याच. चाचांनी फडक्यानं तेल पुसलं आणि एकेकीला दोन बोटांनी फिरवून पाहायला सुरुवात केली. शाबूत स्प्रिंग एवढी दाबलेली असते की बोटांना दाद देत नाही. चौथ्याच्या इनलेटची सहज फिरली, घरच्या नळासारखी.

“ही बघा. मोडलीय, पन कामावर येतीया.”

मधला वेढा तुटला होता आणि दोन्ही तुकडे एकमेकांत आट्यासारखे शिरून बसले होते. उंची कमी झालेली, जोर अर्धामुर्धा. आयडलला तेवढा पुरायचा. वेग वाढला की दार मिटायला उशीर व्हायचा आणि दाबायला घेतलेली हवा उलटी बाहेर फेकली जायची. तेच ते ओलं धोतर. आणखी सैल झाली असती तर वरचे लॉक निसटून व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर पडला असता, आणि मग नव्या पिस्टनांचं कौतुक तिथंच संपलं असतं.

हेड उतरवावं लागलं नाही. चौथा पिस्टन अगदी वर आणून ठेवला, म्हणजे व्हॉल्व्ह सुटला तरी पिस्टनवरच टेकतो, आत जात नाही. पुशरॉडच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. स्प्रिंग दाबून लॉक चुंबकानं उचलले आणि ती हातात आली.

तुकडे ओढून सुटेनात. स्क्रू काढतात तशी पाऊण फेरी उलटी फिरवली तेव्हा वेगळे झाले. मोड तिरकी होती. बहुतेक भाग खरखरीत, ताजा. पण वेढ्याच्या आतल्या कडेला तांदळाएवढा गुळगुळीत काळपट डाग, आणि त्याच्या मुळाशी गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. गाडी बंद पडली तेव्हा हा व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहिला असणार, म्हणजे ही अकरा पावसाळे दमट हवेत दबून बसलेली. पिळाचा सगळ्यात जास्त ताण येतो तो वेढ्याच्या आतल्या बाजूला, आणि ब्रश पोचत नाही तोही नेमका तिथंच. त्या खड्ड्यातून चीर निघाली. माझ्या हिशेबानं नंतरच्या पस्तीस-चाळीस लाख धक्क्यांत ती रोज थोडी पुढे सरकत गेली.

उरलेल्या अकरा जणींना रॉकेलात धुऊन, आत आरसा धरून पाहिलं. दोघींना तसेच ठिपके.

दुकानदारानं विचारलं, “एक देऊ?”

“बारा.”