मदत छोटी, पण मोक्याची

ऑफ-रोडिंगच्या गप्पांत माइल्ड हायब्रिडचा विषय निघाला की मी आजवर एकाच बाजूने बोलत आलो. हे तंत्र शहरातल्या सिग्नलसाठी आहे, डोंगरात जाणाऱ्या गाडीत त्याचं काम नाही, असं मी अनेकांना ठासून सांगितलं. आता माझं मत बदललं आहे. ते जितक्या जोरात मांडत होतो, तितक्याच मोकळेपणाने बदल का झाला हेही सांगायला हवं.

आधीच्या विरोधाला आधार होता. आपल्याकडे माइल्ड हायब्रिड ओळखीचं झालं ते २०१५ मध्ये, मारुती सुझुकीच्या सियाझ आणि अर्टिगामुळे. पुढच्या वर्षी महिंद्राने स्कॉर्पिओतही ते आणलं. केंद्राच्या फेम योजनेचं अनुदान तेव्हा अशा गाड्यांना मिळत होतं. १ एप्रिल २०१७ पासून ते बंद झालं, आणि जुलैत जीएसटी आल्यावर करातली सवलतही गेली. सुझुकीची ती यंत्रणा १२ व्होल्टची होती. सिग्नलला इंजिन बंद करायचं, क्लच दाबताच चालू करायचं, वेग कमी होताना थोडी वीज साठवायची आणि पिकअपला हलका हात द्यायचा, एवढाच तिचा आवाका. दगडधोंड्यांच्या वाटेवर तिचा उपयोग शून्य, हे तेव्हा खरंच होतं.

दुसरी शंका पाण्याची. पावसाळ्यात ओढा ओलांडताना बोनेटखाली एक साधा अल्टरनेटर असला तरी काळजी वाटते. तिथे आणखी मोटर, आणखी बॅटरी कशाला? तिसरी शंका दुरुस्तीची. घाटाखालच्या गावात डिझेल इंजिनचा जाणकार सापडतो, लिथियम बॅटरीचा सापडत नाही.

मग ४८ व्होल्टची पिढी आली. टोयोटाने हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाला अशी यंत्रणा जोडली. अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारा मोटर-जनरेटर, आणि मागच्या सीटखाली ७.६ किलोची लिथियम-आयन बॅटरी. मोटरची मदत जास्तीत जास्त १२ किलोवॉट आणि ६५ न्यूटन-मीटर. इंजिनाची स्वतःची ताकद १५० किलोवॉट आणि ५०० न्यूटन-मीटर असताना ही भर किरकोळ दिसते. जून २०२५ मध्ये त्याच घराण्यातली फॉर्च्युनर ४८ व्होल्टच्या यंत्रणेसह भारतात आली. कागदावरचे आकडे वाचून माझं मत तसूभरही हललं नव्हतं.

हललं ते गाडी हातात आल्यावर. मित्राची नवी ४८ व्होल्टची गाडी तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका दगडी वाटेवर चालवायला मिळाली. माझी साधी डिझेल गाडी चालवून ती वाट मला पाठ झाली आहे. अशा चढणीवर पुढची चाकं दगडाच्या पायरीला टेकतात आणि गाडी थबकते. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर टर्बो भरेपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग ताकद एकदम येते. चाक जागेवर फिरतं, मुरूम उडतो, गाडी दगडावरून उसळून पलीकडे आपटते. निष्णात चालक पायाच्या सवयीने हे सांभाळतो, पण सांभाळावं लागतं. मित्राच्या गाडीत तो रिकामा क्षण मला जाणवलाच नाही. पाय हलका दाबला आणि गाडी पायरी चढून गेली.

कारण समजायला सोपं आहे. टर्बोला हवा दाबायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि तो इंजिनाने वेग घेतल्यावरच मिळतो. विजेच्या मोटरला तशी वाट पाहावी लागत नाही, तिचा टॉर्क शून्य वेगापासून हजर असतो. ऑफ-रोडला आपण बहुतेक वेळ अगदी कमी आरपीएमवर असतो, म्हणजे जिथे डिझेल सर्वांत आळशी आणि मोटर सर्वांत तत्पर असते, नेमक्या तिथेच. ५०० न्यूटन-मीटर पुढे उपयोगी पडतात. पहिल्या अर्ध्या सेकंदात मात्र ते हाताशी नसतात, आणि चाक घसरणार की पकडणार हे त्या अर्ध्या सेकंदातच ठरतं.

दुसरा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. मोटर इंजिनाला धरून ठेवते, म्हणून हायलक्समध्ये आयडलिंग ७२० आरपीएमवरून ६०० वर आणता आलं. लो रेंजमध्ये केवळ आयडलवर गाडी सरकवणाऱ्याला याचं मोल कळेल. गिअर तोच असताना गाडी सुमारे सहाव्या हिश्शाने हळू चालते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर मध्ये असल्याने हे गणित तंतोतंत लागू होत नाही, तरी ब्रेकवरचा पाय हलका राहतो.

पाण्याच्या शंकेचंही निरसन झालं. हायलक्सची ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता टोयोटाने या यंत्रणेसह कायम ठेवली आहे. लँड रोव्हरच्या डिफेंडरमध्ये तर ४८ व्होल्टची यंत्रणा असूनही ती ९०० मिलिमीटर आहे. शिवाय डीसी विजेला ६० व्होल्टच्या खाली उच्च दाबाची मानत नाहीत. पूर्ण हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या शेकडो व्होल्टच्या नारिंगी केबलसारखा धोका इथे नाही. ओढ्यात गाडी मरते ती बहुधा हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेल्यामुळे, आणि तो धोका साध्या डिझेललाही तितकाच आहे.

तरीही मी या तंत्राचा प्रचारक झालेलो नाही. त्याच्या मर्यादा नीट मोजून घेतल्या पाहिजेत. हायलक्सची बॅटरी ४८ व्होल्ट आणि ४.३ अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम २०६ वॉट-तास. मोटर पूर्ण १२ किलोवॉटने चालली तर हा साठा मिनिटभरात संपतो. लांब, सलग चढणीला तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे इंजिन आणि गिअरच कामाचे. उताराचंही तसंच. माणसांसह सव्वादोन टनांच्या आसपास वजनाची गाडी एक मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ६ वॉट-तास ऊर्जा सुटते. ती सगळी वाया न जाता साठली असं धरलं, तरी पस्तीसेक मीटर उतरताच रिकामी बॅटरी काठोकाठ भरेल. कोकणात उतरणारा घाट कित्येकशे मीटरचा असतो. उरलेला सगळा उतार पूर्वीसारखाच खालच्या गिअरवर आणि इंजिन ब्रेकिंगवर काढायचा.

अ‍ॅव्हरेजसाठी कोणी ही गाडी घेऊ नये. युरोपात टोयोटाने इंधनात सुमारे ५ टक्के सुधारणेचा दावा केला आहे. लिटरला दहा किलोमीटर देणाऱ्या गाडीत त्यामुळे हजार किलोमीटरमागे साधारण पाच लिटर वाचतील. लो रेंजमध्ये दिवस काढणाऱ्याला तेवढेही वाचतील याची हमी नाही.

दुरुस्तीची शंका मात्र माझ्या मनात पूर्वीइतकीच ठाम आहे. बेल्टवर आता दुहेरी भार आहे: तो मोटरला फिरवतो आणि मोटर त्याच्यातूनच इंजिनाला ढकलते. चिखल, बारीक खडी आणि पाणी बेल्टचे जुने शत्रू. मर्सिडीजच्या नव्या जी-क्लासमध्ये मोटर बेल्टवर नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आहे. तिथे बेल्टची चिंता मिटते, पण मोटर बिघडली तर गिअरबॉक्स उतरवण्याचं मोठं काम निघतं. विंच, जादा दिवे, दुसरी बॅटरी बसवणाऱ्यांनाही विचार करावा लागेल. १२ व्होल्टचा पुरवठा आता कन्व्हर्टरमधून येतो, त्यामुळे अल्टरनेटरवरून थेट वायर ओढण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला.

आणि माइल्ड हायब्रिड म्हणजे लो रेंज नव्हे. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप गाडीत माइल्ड हायब्रिड आहे, लो रेंज नाही. जिम्नीत लो रेंज आहे, माइल्ड हायब्रिड नाही, आणि वजन १२०० किलोच्या आसपास. दगडी चढणीवर मी बेधडक जिम्नी निवडेन. टायर, ग्राउंड क्लिअरन्स, लो रेंज, डिफरेन्शियल लॉक आणि वजन हे सगळं आधी बघावं, हायब्रिड त्यानंतर.

मग आज कोणी सल्ला मागितला तर? दोन गाड्या बाकी सर्व बाबतींत सारख्या असतील, आणि तुम्ही शहरात राहून सुट्टीला डोंगरात जात असाल, तर ४८ व्होल्टची गाडी घ्या. अवघड जागी ती गाडीवरचा ताबा खरोखर वाढवते, नवशिक्याला तर फारच. गाडी पंधरा वर्षं ठेवायची असेल, सर्व्हिस सेंटर दूर असेल, किंवा गाडीवर पोट असेल, तर तूर्त साधं डिझेलच घ्या.

हा दुसरा सल्ला मला कायम द्यायचा नाही. तो बदलणं कंपन्यांच्या हातात आहे. बॅटरी आणि मोटर-जनरेटरची किंमत त्यांनी जाहीर करावी. हे भाग किती वर्षं मिळतील ते लिहून द्यावं. आणि ४८ व्होल्टची यंत्रणा वाटेत पूर्ण बंद पडली तर गाडी किती वेळ, कुठपर्यंत चालेल, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत मराठीत स्पष्ट छापावं. डोंगरात जाणाऱ्याला सर्वांत आधी तेच माहीत असायला हवं.